डॉ. फ्रॉयलानो द मेलो लिस्बनला गेले, ते चुकलेच का?

मांडवीकाठ:
बाणावलीचे डॉ. फ्रॉयलानो द मेलो (जन्म १८८७) म्हणजे जंतुशास्त्रज्ञ, एवढ्यावरच आपण थांबतो. मला वाटते, पणजीचे नगराध्यक्षपद आणि पुढे १९४५ ते ४९ लिस्बनच्या राष्ट्रसभेतली (पोर्तुगालच्या संसदेतली) खुर्ची हा त्यांच्या वैद्यकीचाच पुढचा टप्पा.

गोव्यातल्या माकाझनला त्यांनी उभारलेले कुष्ठधाम पाहा, साल १९३४. कुष्ठरोगावरचे डॅप्सोन हे औषध अजून यायचे होते. हाताशी होते कडू कवठाच्या बियांचे तेल, तेही स्नायूत टोचायचे, महिनोन्महिने. तेल दाट, म्हणून सुई जाड. दर खेपेला जागा बदलली नाही तर गाठ धरते, मग पू होतो. वेदनेला कंटाळून रोगी मध्येच पळतो आणि केलेले सगळे वाया. म्हणजे राहायला जागा हवी, दोन वेळचे जेवण हवे, पगारी माणसे हवीत, तीही वर्षानुवर्षे. त्यासाठी सरकारी तिजोरीच उघडावी लागते.

हिवतापाचेही तसेच. हिवताप पसरवणारा शहरातला स्टीफेन्सी डास विहिरीच्या नितळ पाण्यात वाढतो. आपल्या हवेत अंड्याचा डास व्हायला दहाएक दिवस लागतात, म्हणून विहीर आठवड्याला तपासायची. झाकणात दोरीसाठी खाच ठेवली की मादीला तेवढी वाट पुरते. पिण्याच्या पाण्यात रॉकेल ओतता येत नाही. मासे सोडा, नाहीतर विहीर बंद करून पंप बसवा. घरमालक डॉक्टरचा सल्ला ऐकून घेतो आणि विसरतो. पालिकेची नोटीस आली की हलतो.

असोळणेकर:
विहिरीपर्यंत तुमच्याबरोबर आहे. लिस्बनचे मात्र पटत नाही. १८ नोव्हेंबर १९४५ च्या निवडणुकीत १२० पैकी १२० जागा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या युनियांव नॅसिओनाल पक्षाला गेल्या; विरोधकांनी बहिष्कार घातला होता. त्या सभेत बसणाऱ्या मेलोंना 'अपक्ष' म्हणतात ते कोणत्या अर्थाने? पुढच्याच वर्षी, १८ जूनला मडगावात राममनोहर लोहियांची पोर्तुगीज राजवटीविरुद्धची सभा पोलिसांनी मोडली. त्यांना गोव्यात बोलावणारे डॉ. ज्युलियांव मिनेझिसही डॉक्टरच होते. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांना लष्करी न्यायालयाने शिक्षा देऊन पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडले. डॉक्टरने राजकारण कुठे करावे, याचे उत्तर मला मिनेझिसांत दिसते.

मांडवीकाठ:
आकडा खराच आहे, तो नाकारत नाही. पण यादीतून निवडून येणे वेगळे आणि सभेत तोंड उघडणे वेगळे. १९३० च्या वसाहत कायद्याने गोंयकाराला दुय्यम ठरवले, त्याविरुद्ध ते तिथे बोलले. गोव्यात सेन्सॉर होता. हे इथल्या वर्तमानपत्रात कोणी छापू शकले असते का?

असोळणेकर:
बोलले, मान्य. निष्पन्न काय? १९५१ मध्ये कायदा घटनेत मुरवला, 'वसाहती'चे 'सागरपार प्रांत' झाले. सेन्सॉर राहिला, गव्हर्नर लिस्बनमधूनच येत राहिला. लेबल बदलून औषध तेच! मेलोंसारख्या जंतुशास्त्रज्ञाला हे आधी उमगायला हवे होते.

तिसवाडीचा वाचक:
दोघेही एक गोष्ट सोडताय. कुष्ठधामाचा खर्च मंजूर करायला सरकारशी जमवून घ्यावे लागले, ते लिस्बनच्या आधीच. माकाझनला बरे म्हणायचे आणि लिस्बनला वाईट, तर मग रेघ नेमकी कोणत्या साली मारायची? १९३४ ला की १९४५ ला?

असोळणेकर:
१९४५ ला. माकाझनला रोग्याला खाट मिळाली. लिस्बनला सालाझारला एक गोंयकार चेहरा मिळाला.