मस्टँगच्या बुडाला कनेक्टर वेल्ड केले, आता दार नीट बसेना

लाल_घोडा, डेट्रॉइट
मंडळी, गाडी १९८९ ची मस्टँग एलएक्स ५.०, हॅचबॅक. घरापासून अर्ध्या तासावर, डिअरबॉर्नलाच बनलेली. इंजिन २२५ हॉर्सपॉवरचं आणि बॉडी बिस्किटाच्या डब्यासारखी. हिला वेगळी चासी नाही. बुडाला पुढे आणि मागे रेल, म्हणजे पत्र्याच्या पोकळ तुळया, आणि त्यांच्या मधे नुसता फरशीचा पत्रा. दुसऱ्या गिअरला दाबली की डॅशबोर्ड कुरकुरतो. म्हणून दोन्ही रेल जोडणारे, सीटखाली आधार येणारे पूर्ण लांबीचे सबफ्रेम कनेक्टर आणले आणि एका गॅरेजला वेल्डिंगला दिले.

काल त्यांनी फोटो पाठवला. गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर, चारही चाकं लोंबकळतायत आणि ड्रायव्हरकडची बाजू वेल्ड करून मोकळे! पळतच गेलो. खाली उतरवली तर दाराची मागची कड रेषेच्या वर, लॉकच्या खुंटीवर घासतेय. मालक म्हणतो, 'बिजागरी सरकवून देतो.' बायको म्हणते, मग दुसरं दारही बिघडवून घे, निदान जोडी तरी जमेल. उद्या दुसरी बाजू मारणार आहेत. थांबवू का?

भोसरीकर_फॅब्रिकेटर
थांबवा. आत्ता फोन करा, हे नंतर वाचा.

मस्टँग मी फक्त फोटोत बघितलीय, पण २२ वर्षं गेट, शेड, ट्रॉल्या जोडतोय. जॉब ज्या आकारात धरून वेल्ड कराल, तो त्याच आकारात अडकतो. दोन खांबांच्या लिफ्टवर आधार मधोमध. पुढे इंजिनाचं वजन, मागे अ‍ॅक्सल लोंबतोय, म्हणजे दोन्ही टोकं खाली आणि बुडाची लांबी केसभर कमी. तेवढ्यात तुम्ही पाइप वेल्ड केला. आता गाडी चाकांवर आली, बुडाला ताणायचंय आणि पाइप सोडत नाही.

बिजागरीला हात लावू देऊ नका. ती सरकली की मूळ माप गेलं, मग ताडणार कशाशी?

एकाच टोकाचं वेल्डिंग १ मि.मी.च्या कटिंग व्हीलने कापा, सीटखालचे आधार सोडवा आणि गाडी चाकांवर ठेवा. कापलेली फट उघडली तर माझं खरं. दार बसलं की तशाच अवस्थेत टॅक, म्हणजे तात्पुरते वेल्डचे ठिपके मारा, दार उघडून-मिटून बघा, मगच पुढे. एका दमात सलग ओढू नका, इंच-इंच, जागा बदलत. पातळ पत्रा तापला की ओढला जातो.

डॅलसचा_बाप्या
काकांना अनुमोदन. माझ्या १९९२ च्या गाडीला आम्ही चार खांबांची, चाकांवर उभी राहणारी लिफ्ट घेतली. तशी नसेल तर पुढची चाकं रॅम्पवर आणि मागे स्टँड थेट अ‍ॅक्सलखाली, बॉडीखाली नको.

कार्पेट काढलंय का, हे बघा. आम्ही अर्धवट गुंडाळलं होतं. खालून ठिणगी, वर फरशीवरचा डांबरी थर धुमसायला लागला, आणि मी आत बादली घेऊन बसलेलो! पेट्रोलची आणि ब्रेकची नळी तिथूनच जाते. बॅटरी सोडवा, उजवीकडच्या, म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाशी बाजूच्या पॅनेलमागे गाडीचा कॉम्प्युटर आहे, त्याचाही प्लग काढा. अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या जवळच. आणि मागचे टॉर्क बॉक्स, म्हणजे अ‍ॅक्सलचे दांडे बॉडीला जिथे जोडतात त्या पेट्या, त्यांचे स्पॉट वेल्ड सुटलेत का ते आधी बघा. या गाड्यांचं ते जुनं दुखणं. तिथे फाटलेलं असेल तर कनेक्टर काय करणार?

पोलोवाला_पुणे
मी पण माझ्या पोलोला मारून घेऊ का?

भोसरीकर_फॅब्रिकेटर
नको रे बाबा. कंपनीच्या मापात बदल केला की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. बोल्टने बसणारा स्ट्रट बार, म्हणजे पुढच्या दोन सस्पेन्शनची वरची टोकं जोडणारा दांडा लाव, नाही आवडला तर काढ.

लाल_घोडा, डेट्रॉइट
शनिवारी कापलं, दुसऱ्या गॅरेजमध्ये, चार खांबांवर. मंडळाची जुनी सभासदकार्डं गेज म्हणून नेली होती. कापल्या कापल्या फटीत एक कार्ड जेमतेम जात होतं. सीटखालचे आधार सुटले, तसा 'टण्' आवाज आला. मग दोन कार्डं आरामात गेली. दार एका बोटाने लागलं. काका, बिजागरी जिथल्या तिथे आहे. टॅक मारलेत, पूर्ण वेल्ड पुढच्या शनिवारी. कार्पेट सगळं बाहेर काढलंय, ते सध्या आमच्या दिवाणखान्यात आहे. त्यावर घरी वेगळी चर्चा चालू आहे.