सायक्लोक्रॉस घ्यावी की रोड बाईक? (पुणे)

बावधनवाला: मंडळी, रोज बायपासच्या सर्व्हिस रोडने हिंजवडी, रविवारी सिंहगड नाहीतर बोपदेव घाट, आणि दिवाळीनंतर २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करायचा विचार आहे. सायकल एकच घेणार, दुसरीला घरातून परवानगी नाही. दुकानदार सायक्लोक्रॉसच्या (रोड बाईकसारखीच, पण जाड, खाचांच्या टायरवाली) मागे लागलाय, ग्रुपवाले म्हणतात रोड बाईकच. काय करू?

चाकोरी: डोळे मिटून सायक्लोक्रॉस. ३३ मिमीच्या टायरला ५० पीएसआयच्या आसपास हवा पुरते. रोड बाईकच्या २५ मिमीला ८०-९० भरा, मग पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटचे सांधे मनगटातून थेट मानेपर्यंत कळतात. शिवाय बीआरएमला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे चहा-पोहे धरून ताशी १५ किमी. एवढ्यासाठी रोड बाईक कशाला?

उलटा वारा: साफ चूक. सायक्लोक्रॉस ही बेल्जियमच्या हिवाळ्यातल्या, चिखलातल्या तासाभराच्या शर्यतीची सायकल. अडथळा आला की उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची आणि पळत सुटायचं. तिथे सिंहगड नाही. म्हणून तर पुढच्या दोन चक्रांना ४६ आणि ३६ दाते. मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला २८ असले, तर सगळ्यात हलक्या गियरलाही पायडलच्या एका फेरीत चाक १.२९ वेळा फिरतं. पुढे ३४ आणि मागे ३२ वाल्या रोड बाईकला तेच १.०६. घाटात हा फरक गुडघ्यांना विचारा. आणि शर्यतीच्या कितीतरी फ्रेमना कॅरियर लावायला भोकंच नसतात. लॅपटॉप पाठीवर घेऊन घामाघूम व्हा रोज.

चाकोरी: अहो, कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बदलता येते! मागे ३४ टाका, तुमचेच १.०६ येतात.

उलटा वारा: डीरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ३४ झेपला तर. नाहीतर तोही बदला, चेन लांब करा. नव्या सायकलवर पहिल्याच महिन्यात हा खर्च का?

पंक्चरकाका: तुम्ही दोघं नावावरून भांडताय. फ्रेममध्ये केवढा टायर बसतो ते विचारा की! जुन्या रिम ब्रेकवाल्या रोड बाईकमध्ये २५, फार तर २८. डिस्क ब्रेकच्या नव्या एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याच्या) रोड बाईक बऱ्याचदा ३२ घेतात. टायर आणि फ्रेममधली फटही बघा. फार चिकटून असेल तर पावसाळ्यात खडी अडकून रंग खरवडतो.

उलटा वारा: झालं! ३२ बसतोय, तर सायक्लोक्रॉसचा हट्ट कशाला?

चाकोरी: डांबर संपल्यावर कळेल. गुळगुळीत ३२ आणि खाचांचा ३३ यांत ओल्या मुरुमावर जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पंक्चरकाका: त्यांना हिंजवडीला जायचंय, मुरुमावर नाही. (हिंजवडीत मुरूमही भेटतो म्हणा.)

बावधनवाला: काका, आत्ता दुकानातच आहे. त्या सायक्लोक्रॉसला पुढे एकच ४० आणि मागे ११-३२ आहे. कॅरियरची भोकं आहेत. चालेल?

उलटा वारा: म्हणजे १.२५! मागे ४२ बसेल का, ते लिहून घ्या त्याच्याकडून. नाही म्हणाला तर शेजारची रोड बाईक काढायला सांगा, ३२ टायरवाली.

चाकोरी: ४२ बसत असेल तर घेऊन टाका. यांचं ऐकाल तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत दुकानातच उभे राहाल.