प्रतिसाद: ज्वालामुखी आणि ध्रुवावरचा ओझोन

वर एकांनी लिहिलंय की ज्वालामुखीच एवढा क्लोरीन ओकतात, मग ओझोन घटल्याचा दोष पूर्वी फ्रिज-एसीत वापरल्या जाणाऱ्या सीएफसी या क्लोरीनयुक्त वायूंना कशाला? हे पटत नाही. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांचा बेसाल्ट जवळून बघा, लाव्हातून वायू निसटताना पडलेली बारीक भोकं अजून दिसतात. वायू निघतात हे खरंच. पण त्यातलं हायड्रोजन क्लोराइड पाण्यात चटकन विरघळतं आणि बरंचसं उद्रेकाच्या ढगातच धुऊन खाली येतं.

वर टिकतो तो सल्फर डायऑक्साइड, आणि खरी गोम तिथेच आहे. त्यापासून सल्फ्युरिक आम्लाचे सूक्ष्म थेंब बनतात आणि मोठ्या उद्रेकानंतर वर्ष-दोन वर्षं स्थितांबरात, म्हणजे ओझोन असलेल्या हवेच्या वरच्या थरात, तरंगत राहतात. सीएफसीतून आलेला, एरवी निरुपद्रवी संयुगांत अडकलेला क्लोरीन ध्रुवावरच्या कडाक्याच्या थंडीत या थेंबांच्या पृष्ठभागावर मोकळा होतो. मग वसंतात सूर्य उगवला की तो ओझोनवर तुटून पडतो. एप्रिल 2015 मध्ये चिलीतला काल्बुको फुटला आणि त्याच ऑक्टोबरात अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र त्या महिन्यापुरतं विक्रमी मोठं झालं. 1991 च्या फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकानंतरही ओझोन घटला होता.

म्हणजे ज्वालामुखी आग भडकवतो, सरपण मात्र आपणच रचलेलं. हवेत क्लोरीन कमी असेल तर हेच थेंब नायट्रोजनची ऑक्साइडं अडकवतात, आणि ओझोन किंचित वाढूही शकतो. म्हणून सीएफसीसारख्या वायूंवर बंधनं आणणारा 1987 चा माँट्रियल करार मला फार मोलाचा वाटतो: क्लोरीन जसजसा ओसरेल, तसा पुढच्या उद्रेकांचा फटकाही सौम्य होत जाईल.