हायजिनिस्टचा कोर्स करणाऱ्या मुलांना शेवटचे सहा महिने क्लिनिकात पाठवावं का?

तापीकाठची
मी डेंटल हायजिनिस्टच्या, म्हणजे दात साफ करून देणाऱ्यांच्या, डिप्लोमाला शिकवते. कोर्स दोन वर्षांचा. दंतवैद्यांच्या बीडीएसला शेवटी वर्षभराची इंटर्नशिप असते. आमच्या पोरांचा हात मात्र बहुतेक कॉलेजच्या ओपीडीतच बसतो. तिथे एक पेशंट, हाताशी वेळ आणि बाजूला मॅडम. पास होऊन तीच मुलगी चोपड्याला किंवा शहाद्याला लागते, तर बाहेर बाकावर रांग, डॉक्टर रूट कॅनॉलमध्ये अडकलेले, आणि खुर्चीत जन्मभर मिश्री लावलेली आजी. हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर १५ मिनिटं हे तिला पाठ असतं. पण तापणं-वाळणं धरून जवळपास तास जातो आणि हत्यारांचे सेट दोनच, मग काय करायचं हे कोणी शिकवत नाही. म्हणून शेवटचे सहा महिने तालुक्याच्या क्लिनिकात काढावेत असं माझं म्हणणं.

दाढदुखी_भुसावळ
साफ असहमत. माझं स्वतःचं क्लिनिक आहे म्हणून सांगतो. सहा महिने म्हणजे फुकटातली पोरं. आठवडाभर स्केलर (दातांवरचं कीटण काढायचं हत्यार) हातात, मग फोन घे, अपॉइंटमेंटची वही सांभाळ. बरं, माझे हात एकाच्या तोंडात असताना ती दुसऱ्याच्या हिरडीत काय करतेय हे बघणार कोण? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, शुगर किती, हे विचारायचं राहिलं तर निस्तरायचं मला. हात कच्चा असेल तर तो कॉलेजातच पक्का करा. गावचा पेशंट सरावासाठी नाही.

मिश्रीमुक्त
+१ डॉक्टरांना. (२०१२ पासून गुटखाबंदी आहे म्हणे राज्यात. आमच्या स्टँडवर येऊन बघा.)

सातपुड्याकडची
मी नंदुरबार जिल्ह्यात हेच काम करते. हात वगैरे दोन-तीन महिन्यांत बसतो हो. अडतं ते बोलण्यात. स्केलिंग झालं की दुसऱ्या दिवशी बाई दारात: "मना दात हालाले लागनात, तू काय करं?" आता खरं काय, तर कीटणाने आतलं हाड आधीच खाल्लेलं असतं, आणि दात त्या कीटणाच्याच आधाराने उभा. कीटण काढलं की हलणं जाणवतं. हे तिला अहिराणीत, तेही स्केलर तोंडात घालण्याआधी सांगावं लागतं. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते. मी आधी आरसा हातात देते, हलणारा दात तिलाच बोटाने हलवून बघायला लावते, मग मशीन सुरू. तिकडे धडगावकडची माणसं आली तर अहिराणीही पुरत नाही, पावरी बोलणारं कोणी सोबत लागतं. कॉलेजात हे कुठून येणार? त्यामुळे पाठवाच, पण पगार ठरवून. आणि कावीळ-बीची लस आधी. सुई टोचल्यावर धावपळ नको.

दाढदुखी_भुसावळ
बोलणं शिकायला सहा महिने लागत नाहीत, पंधरा दिवस पुरे. आणि मुळात आमच्याकडे हायजिनिस्ट ठेवतो कोण? स्केलिंग डॉक्टर स्वतःच उरकतात. ज्या नोकऱ्याच नाहीत त्यांची तयारी करून घेताय.

तापीकाठची
नोकऱ्या नाहीत कारण डॉक्टरांना हायजिनिस्ट म्हणजे मदतनीस वाटते. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यानेच हायजिनिस्टची वेगळी व्याख्या केली: दात साफ करणारी, पॉलिश करणारी, दातांची निगा शिकवणारी. फोन घेणारी नाही. देखरेखीचा मुद्दा मात्र मान्य. म्हणून एका डॉक्टरकडे एकच विद्यार्थिनी, कॉलेजशी लेखी करार, आणि प्रत्येक केसची नोंदवहीत नोंद करून डॉक्टरांची सही.

दाढदुखी_भुसावळ
नोंदवहीवर सह्या कशा होतात ते इंटर्नशिपमध्ये तुम्हीही पाहिलंय, मॅडम.