आकाराझे पोर्तुगीज नाही, योरुबाच
ह्या चर्चेत वर एकांनी आकाराझे हा पोर्तुगीजांनी ब्राझीलमध्ये नेलेला भज्यांचा प्रकार असल्याचं म्हटलंय. ते पटत नाही. नावच योरुबा, म्हणजे नायजेरियाकडच्या योरुबा लोकांच्या भाषेतलं आहे: ‘आकारा’ म्हणजे चवळीचा तळलेला वडा आणि ‘जे’ म्हणजे खाणे. गुलाम करून ब्राझीलच्या बाहिया राज्यात नेलेल्या योरुबांबरोबर तो तिथे पोचला. आजही कांदोंब्ले ह्या आफ्रिकी मुळाच्या ब्राझिलियन धर्मात तो इयान्सां देवतेचा नैवेद्य असतो (नायजेरियातली ओया ती हीच). त्याच वाटणाचा पानात उकडलेला भाऊही सोबत गेला, नायजेरियात मोइन-मोइन आणि बाहियात अबारा. दोन्हीकडे तळलेला-उकडलेला अशी जोडी टिकून राहणं मला नावापेक्षाही भक्कम पुरावा वाटतो.

घरी करून पाहताना ज्यांचे वडे दगडासारखे झाले, त्यांची गडबड बहुतेक फेटण्यात झाली असेल. चवळी आधी कोरडीच भरडायची, मग भिजवून चोळायची आणि वर तरंगणारी सालं पाण्याबरोबर ओतून टाकायची. सालं राहिली की वडा जड होतो. वाटताना पाणी अगदी जेमतेम, वाटीभर चवळीला चार-पाच चमचे पुरतात. ह्यात सोडा नसतो, फुगवते ती फक्त हवा, म्हणून वाटण पांढरं, हलकं होईपर्यंत एकाच दिशेने फेटायचं. थेंब पाण्यात टाकला तर तरंगला पाहिजे. कांदा-मीठ तळायच्या अगदी आधी घाला, नाहीतर पाणी सुटून सगळी हवा जाते. बाहियात तळण लाल पामतेलातच करतात. रंग आणि वास त्याचाच, साध्या तेलात तो येत नाही.