साठा असूनही आघाडी का थांबली? १९४४ च्या फ्रान्समधील रसदीविषयी शंका

पिछाडीचा वाचक:
दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४४ च्या अखेरीस, फ्रान्समध्ये आधीच उतरलेल्या दोस्त सैन्याकडे इंधनाचा एकूण साठा कमी नव्हता, मालमोटारीही हजारोंनी होत्या. तरीही अमेरिकी जनरल पॅटनच्या तिसऱ्या आर्मीचे रणगाडे पेट्रोलअभावी थांबले. अडचण नेमकी कोठे होती? आणखी मालमोटारी मिळाल्या असत्या तर ती सुटली असती का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

नकाशावाला:
साठा होता, परंतु तो नॉर्मंडीच्या किनाऱ्यालगत पडून होता आणि सैन्य तेथून शेकडो किलोमीटर पुढे गेले होते. शेर्बुर्ग बंदर जूनअखेर हाती आले ते जर्मनांनी मोडतोड करून ठेवलेल्या अवस्थेत. फ्रान्समधील लोहमार्ग आणि पूल तर दोस्तांच्याच विमानांनी आक्रमणापूर्वी उद्ध्वस्त केले होते. साहजिकच सारा भार रस्त्यावर आला. २५ ऑगस्टला ‘रेड बॉल एक्सप्रेस’ सुरू झाली. जाण्याचा रस्ता वेगळा, परतीचा वेगळा, इतर वाहतुकीला मज्जाव आणि अहोरात्र फेऱ्या, अशी ही व्यवस्था होती. तिचे बहुसंख्य चालक कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिक होते. काही दिवसांतच जवळजवळ ६,००० वाहने दिवसाला सुमारे १२,००० टन माल वाहू लागली.

मात्र आघाडी जसजशी लांबते, तसतशी प्रत्येक फेरी लांबते, तीच मालमोटार कमी खेपा करते आणि आणलेल्या इंधनातला मोठा वाटा स्वतःच पिते. त्यामुळे आणखी मालमोटारी हा तात्पुरता उपाय ठरला असता. खरा इलाज जवळचे बंदर हाच होता. बेल्जियममधील अँटवर्प बंदर ४ सप्टेंबरला जवळजवळ शाबूत हाती आले, पण समुद्रातून तेथे नेणाऱ्या शेल्ट नदीच्या मुखावर जर्मन ठाण मांडून राहिल्याने मालवाहू जहाजांचा पहिला ताफा तेथे लागायला २८ नोव्हेंबर उजाडला. पॅटन आणि ब्रिटिश सेनापती मॉन्टगोमेरी यांच्यातील हेव्यादाव्यांवर जितकी शाई खर्च होते, त्याच्या निम्मी जरी या दिरंगाईवर झाली असती तरी चित्र अधिक स्पष्ट झाले असते.

निवृत्त फिटर:
नकाशावाला यांचे विवेचन पटते, परंतु त्यात देखभालीचा मुद्दा राहून गेला आहे. क्षमतेपेक्षा जास्त माल भरून रात्रंदिवस पळणाऱ्या वाहनाला ऑइल बदलायला आणि ग्रीसिंग करायला वेळच मिळत नाही. लांबच्या ताफ्यात थांबा मिळाला की चालकाने प्रत्येक चाकाच्या हबजवळ, म्हणजे मधल्या भागाजवळ, हाताचा पालथा भाग नेऊन पाहायचा असतो. एकच हब इतरांपेक्षा फार तापलेला असेल, तर तेथे बेअरिंग जाते आहे किंवा ब्रेक धरतो आहे असे समजावे. हे काम काही मिनिटांचे आहे, पण घाईच्या खेपांत नेमके तेच प्रथम सुटते, आणि मग शंभर रुपयांच्या दुरुस्तीऐवजी अख्खा ॲक्सल बदलावा लागतो. रेड बॉलच्या मार्गावर टायर तर इतक्या वेगाने फाटत होते की त्यांचा तुटवडा हेच एक स्वतंत्र संकट झाले.

याच काळात ब्रिटिशांच्या एकाच बनावटीच्या सुमारे १,४०० तीन-टनी मालमोटारी सदोष पिस्टनमुळे निकामी ठरल्या, आणि त्यांच्यासाठी ठेवलेल्या बदली इंजिनांतही तोच दोष निघाला. कागदावर वाहनेही होती आणि सुटे भागही होते.

पिछाडीचा वाचक:
दोघांचे आभार. मग बंद पडलेल्या वाहनाचे भाग काढून दुसरे चालू करणे हा मार्ग का पुरत नाही?

निवृत्त फिटर:
वाहने एकाच नमुन्याची असतील तर बऱ्यापैकी पुरतो; अमेरिकनांची अडीच-टनी जीएमसी मालमोटार मोठ्या संख्येने असल्याचा हा मोठा लाभ होता. १९४१ साली रशियात शिरलेल्या जर्मन सैन्याकडे मात्र जिंकलेल्या देशांतून गोळा केलेल्या वाहनांची खोगीरभरती होती, सुमारे दोन हजार प्रकारांची. तेथे शेजारी उभ्या असलेल्या मालमोटारीचा वॉटर पंपही आपल्या इंजिनाला बसेल याची खात्री नव्हती. शिवाय काढलेल्या प्रत्येक भागाची नोंद वाहनावरच लावावी लागते. ती नसेल, तर केवळ क्लचसाठी आलेली गाडी कार्यशाळेत पोहोचेपर्यंत तिचा डायनामो, कार्ब्युरेटर आणि दोन चाके गायब झालेली असतात, आणि मागणी मात्र एका क्लच प्लेटचीच गेलेली असते.