१९७४ची बुलेट ३५० : कार्बोरेटर काढून एफआय (फ्युएल इंजेक्शन) बसवायचं आहे

वाईकर७४

नमस्कार मंडळी. घरी १९७४ची बुलेट ३५० आहे. लोखंडी इंजिन, उजव्या पायाला गिअर, स्पार्कला पॉइंट, ६ व्होल्टची वीज. कार्बोरेटर मिककार्ब, मूळचा नाही, वडिलांनी मागे कधीतरी टाकलेला. वाईत गाडी बरी चालते. पसरणी घाट चढून पाचगणी गाठली की मिसिंग मारते, प्लग काढून बघितला तर काजळी. त्यात आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल). पेट्रोल कॉकचं रबर फुगलं, फ्लोटच्या वाटीत पांढरी पूड साचते.

मी चाकणला इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो. स्पीडुइनो (घरी जोडता येणारा ईसीयू, म्हणजे इंजेक्शन चालवणारा छोटा संगणक) टेबलावर जोडून चालवून पाहिलंय, वायरिंगची भीती नाही. विचार असा की थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर, पंप, ऑक्सिजन सेन्सर लावायचे. मग घाट असो की लडाख, हवा-पेट्रोलचं मिक्स्चर आपोआप जमेल. कोणी केलंय का? थ्रॉटल बॉडी कुठल्या गाडीची घ्यावी एवढं सांगितलंत तरी चालेल. "कशाला करतोस" हे घरी रोज ऐकतो, ते इथे नको.

लेथवाला_कोल्हापूर

केलंय. माझी १९९६ची ५०० आहे, १२ व्होल्टची, त्यामुळे तुमच्यापेक्षा माझं काम निम्मं होतं. तरी पावसाळाभर गाडी पाटावर होती.

थ्रॉटल बॉडीचं आधी उरकतो, कारण तेच सगळ्यात सोपं. २०२० साली बीएस-६ आल्यावर क्लासिक ३५०ला एफआय आलं. ते इंजिन ३४६ सीसी, ७० बाय ९०. तुमचं लोखंडी इंजिनही ३४६ सीसी, ७० बाय ९०. ताकदही जवळपास सारखी. म्हणजे इंजेक्टर केवढा लागेल याचं गणित कंपनीनेच करून ठेवलंय. त्याच गाडीची थ्रॉटल बॉडी इंजेक्टरसकट शोधा. पुण्यात नाना पेठेत नाहीतर मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात, अपघातात गेलेल्या गाडीची मिळून जाते. हेडला बसवायला ॲल्युमिनियमचा तुकडा लेथवर काढावा लागेल, मध्ये उष्णता अडवणारा जाड फायबरचा पॅकिंग टाका. त्या गाडीचा ईसीयू मात्र घेऊ नका. त्याला स्वतःच्या फ्लायव्हीलवरचे दात दिसले नाहीत तर तो ढिम्म हलत नाही. तुमचा स्पीडुइनोच बरा.

आता खरं काम. वीज.

पंप दोन-तीन अँपिअर खातो. कॉइल तेवढीच. ईसीयू, इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सरचा हीटर मिळून दीड-दोन. हेडलाइट न लावता साडेपाच ते आठ अँपिअर गेले, तेही १२ व्होल्टवर. १९७४चा ६ व्होल्टचा अल्टरनेटर हे झेपवणार नाही. म्हणजे आधी १२ व्होल्टचा स्टेटर-रोटर, रेक्टिफायर-रेग्युलेटर, बॅटरी, कॉइल, सगळे बल्ब, हॉर्न. एफआयचा पहिला स्क्रू फिरवण्याआधीचा हा खर्च आहे. आणि एक गोष्ट कायमची जाईल. तुमच्या किल्लीच्या स्विचवर ईएमजी आहे ना? बॅटरी मेली तरी अल्टरनेटरची वीज थेट कॉइलला देऊन गाडी सुरू करायची ती सोय. एफआयला तिचा उपयोग नाही, कारण किक मारण्याआधीच दोन-तीन सेकंद पंप फिरून दाब तयार झालेला हवा. बॅटरी मेली की गाडी मेली. किकचा एक फायदा मात्र आहे : स्टार्टर मोटर नसल्याने व्होल्टेज बसत नाही, ईसीयू मध्येच रिसेट होत नाही.

दुसरं, ईसीयूला क्रँक कुठे आहे हे कळायला हवं. तुमच्या इंजिनात दातांचं चाक नाही. मार्ग दोन. एक, डाव्या प्रायमरी केसमध्ये रोटरवर चाक बसवायचं. तिथे तेल, चेन आणि जागेची मारामार. दोन, उजवीकडच्या पॉइंटच्या डब्यातून पल्स घ्यायचा. तो डबा क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे चार स्ट्रोकच्या एका चक्राला एक पल्स, आणि इंटेक कधी आहे ते आपोआप कळतं. पण ९०० आरपीएमच्या आयडलला सेकंदाला साडेसातच पल्स येतात. ॲक्सिलरेटर झटकन पिळला की पुढचा पल्स येईपर्यंत ईसीयू जुन्याच वेगावर. मी पॉइंटची प्लेट काढून तिथे एक दात कमी असलेलं छोटं चाक आणि हॉल सेन्सर (दात ओळखणारा चुंबकीय सेन्सर) बसवला. टायमिंगच्या गिअरांत थोडी ढिलाई असतेच, इंजेक्शनला ती चालते. स्पार्कचं ॲडव्हान्स (वेग वाढेल तसा स्पार्क लवकर पडणं) मी जुन्याच वजनांवर ठेवलंय. एका वेळी एकच भांडण.

तिसरं, एक सिलिंडर. चार सिलिंडरच्या गाडीत मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचा) दाब बऱ्यापैकी स्थिर असतो. आपल्याकडे इंटेकच्या वेळी व्हॅक्युम, बाकी वेळ जवळजवळ बाहेरची हवा. नुसत्या मॅप सेन्सरवर (हा दाब मोजणाऱ्या) ट्यून करायला गेलात तर आकडे नाचतील. थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम यांवर टेबल बांधा, ज्याला अल्फा-एन म्हणतात. पण अल्फा-एनला उंची कळत नाही! त्यासाठी मॅप सेन्सर मोकळ्या हवेत ठेवून बॅरोमीटर म्हणून जोडायचा. घाटात मिक्स्चर आपोआप जमवायचं काम तो करेल. साधा ऑक्सिजन सेन्सर फक्त १४.७च्या (एक भाग पेट्रोलला हवेचे इतके भाग) आसपासचं सांगतो (ई-२०ला तोच बिंदू साडेतेराच्या आसपास येतो). हवेवर थंड होणाऱ्या लोखंडी इंजिनाला चढावर यापेक्षा बरंच रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं मिक्स्चर लागतं, नाहीतर पिस्टन धरेल. ट्यूनिंगपुरता वाइडबँड (हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण सांगणारा ऑक्सिजन सेन्सर) उसना आणा.

चौथं, टाकी. पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या नळीत तीन बारचा दाब असतो. आपली नेहमीची पारदर्शक नळी लावली तर ती फुटून गरम हेडवर पेट्रोल उडेल. एफआयचाच होज आणि एफआयचेच क्लिप. टाकीत रिटर्नसाठी बुश वेल्ड करावं लागेल. रिकाम्या टाकीत वाफ असते, ती भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. वेल्डरने "काही होत नाही" म्हटलं तर टाकी उचलून घरी या. धुऊन, काठोकाठ पाणी भरून, वेल्डपुरती जागा रिकामी ठेवूनच काम करणारा माणूस बघा. आतला गंजही काढा. जेटमधून जो कण सहज जातो तो इंजेक्टरच्या जाळीत अडकतो.

हे सगळं लिहूनही तुमच्या काजळीबद्दल एक शंका आहे. वाई ते पाचगणी चढ सुमारे ६०० मीटर. हजार मीटरला हवा साधारण १० टक्के विरळ होते, म्हणजे या चढावर ६ टक्के विरळ, आणि कार्बोरेटरचं मिक्स्चर साधारण ३ टक्के रिच. ई-२० उलट मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी) करतं, तेही निदान तेवढं. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. मग काजळी येते कुठून? नीडल जेट (कार्बोरेटरमध्ये सुई ज्या छिद्रात वर-खाली होते ते) झिजून अंडाकृती झालाय, फ्लोटची पातळी वर आहे, नाहीतर स्पार्क पिवळा पडतोय. नीडल आणि नीडल जेट बदलून घाट एकदा चढा.

व्हीए_नंबरवाला

लेथवाल्यांनी यंत्राचं सगळं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. १९७४ म्हणजे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेली. जुलै २०२१च्या केंद्राच्या नियमांनुसार तुमची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' येतं. फी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, पुढे नूतनीकरण ५,०००. अट मात्र अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. एफआय बसवलेलं इंजिन समोर नेऊन हे पटवणं अवघड जाईल. अर्थात व्हीए नंबरवर रोजची वापरायची गाडी चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल एवढंच. रोज घाट चढायचा असेल तर तो नंबर तुमच्या कामाचा नाही. मनात असेल तर मूळ भाग एकही विकू नका आणि चॅसीला कटर लावू नका. विमा कंपनीला मात्र बदल लेखी कळवा.

वाईकर७४

दोघांचेही आभार. व्हीए नको, गाडी चालवायचीच आहे. ईएमजी आमच्या स्विचवर आहे, आणि गेल्या दिवाळीत त्याच्यावरच गाडी सुरू झाली होती, त्यामुळे ते वाचून जरा पोटात गोळा आला. लेथवाले काका, असं करू का : आधी १२ व्होल्ट करतो, कार्बोरेटर तसाच ठेवून. पॉइंटच्या डब्यात चाक आणि हॉल सेन्सर बसवून स्पीडुइनो नुसता डेटा लिहायला ठेवतो, इंजेक्टर न जोडता?

लेथवाला_कोल्हापूर

उत्तम. मीही हेच सुचवणार होतो. मात्र पॉइंटची प्लेट आत्ता काढू नका, कार्बोरेटरवर चालवताना स्पार्क तिथूनच मिळणार. आधी पॉइंटचाच पल्स घ्या, पण कॉइलचा उलटा झटका दोन-तीनशे व्होल्टचा असतो, ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन सर्किट वेगळी ठेवणारा भाग) मध्ये टाकल्याशिवाय स्पीडुइनोला वायर लावू नका. थ्रॉटल पोझिशन सेन्सर कार्बोरेटरला बसत नाही, तर केबलच्या मधोमध सरकता पोटेन्शिओमीटर लावा. वाइडबँड सायलेन्सरच्या बेंडमध्ये हेडपासून थोडा दूर, टोक खाली झुकलेलं, म्हणजे थंड गाडीतलं पाणी सेन्सरवर येणार नाही. पसरणी घाटाचा असा डेटा हाती आला की टेबलातले निम्मे रकाने घरी बसून भरता येतील.

आणि नीडल जेटचं विसरू नका. १२ व्होल्टचा स्पार्क आणि नवा जेट यांवरच पाचगणीला प्लग तपकिरी निघाला, तर थ्रॉटल बॉडी घ्यायची की नाही ते तेव्हा ठरवा. घ्यायचीच ठरली तर हेडच्या स्टडचं अंतर मोजून पाठवा, ॲडॉप्टर मी काढून देतो. मटेरियलचे पैसे द्या फक्त.